चालकाने फुंकले, आकडा आला; आता मालकाने काय करावे?

प्रश्न : वाडीचा गाडीमालक

सर्वांना नमस्कार.

नागपूरजवळ वाडीला अमरावती रोडवर माझा वाहतुकीचा लहानसा व्यवसाय आहे. नऊ बस बुटीबोरी आणि मिहान या औद्योगिक भागांतील कामगारांची ने-आण करतात, चौदा ट्रक हैदराबाद आणि रायपूरच्या बाजूने चालतात आणि चालक एकूण एकतीस आहेत. मागच्या वर्षी करार नव्याने झाला, तेव्हा बस लावून घेणाऱ्या एका कंपनीने अट घातली की प्रत्येक फेरीपूर्वी चालकाची मद्यचाचणी व्हावी, सहा महिन्यांतून एकदा अमली पदार्थांची चाचणी व्हावी आणि कंपनीचे डॉक्टर सांगतील तेव्हा चालकाने रक्ताचा नमुना द्यावा. काम हातचे जाऊ नये म्हणून मी सही केली, ऑनलाइन एक यंत्र मागवले, नोंदवही घातली आणि हे काम सुपरवायझरकडे सोपवले.

तीन आठवड्यांपूर्वी पहाटे पाच वाजता, अकरा वर्षे माझ्याकडे असलेल्या एका चालकाने फुंकले आणि यंत्रावर ०.०२२ असा आकडा आला. सुपरवायझरने त्याला परत पाठवले, नोंदवहीत 'दारू पिऊन आला' असे लिहिले, त्या दिवसाची हजेरी कापली आणि वर दोन हजार रुपये दंड लावला. चालकाचे म्हणणे असे की आदल्या रात्री भाच्याच्या हळदीत त्याने दोन पेग घेतले, अकराला तो झोपला आणि पहाटे त्याला काहीही चढलेली नव्हती. मी स्वतः त्याच्याशी बोललो तेव्हा तो अगदी व्यवस्थित बोलत होता. दुसऱ्या दिवशी बाकीच्या चालकांनी फुंकायला नकार दिला. समजूत घातल्यावर ते तयार झाले, परंतु एक जण अजूनही ऐकत नाही.

भरीस भर म्हणजे माझ्या मुलाने इंटरनेटवरून एक इंग्रजी धोरण उतरवून घेतले, त्यावर आमचे नाव टाकले आणि ते कंपनीला पाठवूनही दिले. त्यात 'डीओटी', 'भाग ४०', 'एमआरओ' असे शब्द आहेत, पाच पदार्थांची यादी आहे आणि मद्याची मर्यादा ०.०४ लिहिली आहे. आपल्याकडे तर ०.०३ असे ऐकत आलो आहे.

मला कळत नाही ते असे की ०.०२२ हा आकडा गुन्हा ठरतो का, ठरत नसेल तर मी त्या चालकाला गाडी नाकारली हे बरोबर की चूक, दंड लावता येतो का, आणि नकार देणाऱ्याचे काय करावे. यंत्राबद्दलही सांगून ठेवतो. सुपरवायझर सर्वांना आधी हाताला सॅनिटायझर लावायला देतो, मग एकाच नळीतून, ती पुसून, फुंकायला लावतो. यंत्र घेऊन वर्ष उलटून गेले आहे.


उत्तर १ : कामगार कज्जे

महोदय, आपल्या सुपरवायझरने एका आकड्याच्या जोरावर एकाच सकाळी चार कामे उरकली. गाडी नाकारली, हजेरी कापली, दंड लावला आणि चालकाच्या नावावर एक ठपका कायमचा लिहून ठेवला. यांपैकी पहिल्या कामाला तो आकडा पुरेसा होता. उरलेल्या तिन्हींना पुरेसा नव्हता.

कायदा आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे, वाहन चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले तर तो गुन्हा होतो. आपण ऐकलेले ०.०३ (टक्के) ते हेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आपल्या यंत्रावरील ०.०२२ म्हणजे २२ मिलिग्रॅम. आकडा खरा धरला तरी तो गुन्ह्याच्या रेषेखाली आहे आणि चालक अजून गाडीत बसलेलाही नव्हता.

तथापि गुन्हा नसणे आणि बस चालवायला योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळीस कामगार बसलेली गाडी कोणाच्या हाती द्यावी हे ठरवण्याचा अधिकार मालकाला आहे आणि आमच्याकडे शून्याहून अधिक आकडा चालणार नाही, असा कडक नियमही तो करू शकतो. अट एवढीच की तो नियम चालकाला समजेल अशा भाषेत, आधी, लेखी दिलेला असावा आणि त्यावर त्याची सही असावी. मालकाला चाचणीचा अधिकार या नियमातूनच मिळतो, कारण कलम २०३ आणि २०४ मधील श्वासाच्या व रक्ताच्या चाचणीचे अधिकार पोलिसांचे आहेत, तुमचे-आमचे नाहीत. आपल्याकडे असा मराठी कागद नसावा असे वाचताना वाटते. असेल तर कळवावे.

आता दंड. वेतनाच्या कायद्यात, म्हणजे १९३६ च्या जुन्या अधिनियमात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे, की कोणत्या कृत्यांसाठी दंड होईल हे अगोदर मंजूर करून जाहीर केलेले असले पाहिजे, कामगाराला आपले म्हणणे मांडू दिले पाहिजे आणि एकूण दंड त्या वेतनकाळातील वेतनाच्या तीन टक्क्यांहून अधिक होता कामा नये. महिन्याला वीस हजार मिळवणाऱ्या चालकाच्या बाबतीत ही मर्यादा सहाशे रुपये होते. दोन हजारांचा दंड परत करावा, तोही पावती घेऊन.

सर्वांत जड गोष्ट नोंदवहीतील शब्दांची आहे. 'दारू पिऊन आला' हा निष्कर्ष आहे. सुपरवायझरने पाहिला तो आकडा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बचूभाई हसनअली कार्याणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात म्हटले होते की तोंडाला वास येणे, तोल जाणे, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारणे एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध होत नाही. तो फौजदारी खटला होता आणि आपली बाब शिस्तीची आहे, त्यामुळे पुराव्याचा काटा इतका बारीक लागणार नाही हे मान्य. तरीही अकरा वर्षांच्या माणसाला उद्या कामावरून काढायचे झाले तर आरोपपत्र, खुलासा, खातेनिहाय चौकशी हे टप्पे चुकत नाहीत आणि त्या चौकशीत यंत्राचा कॅलिब्रेशन (अचूकता तपासणीचा) दाखला कुठे आहे हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येतो. नोंदवहीत वेळ, आकडा, यंत्राचा क्रमांक, पुन्हा घेतलेल्या चाचणीचा आकडा, दोघांच्या सह्या आणि 'आज गाडी दिली नाही' एवढेच लिहावे.

नकार देणाऱ्याला जबरदस्ती करू नये. आपल्या लेखी नियमात 'चाचणीस नकार दिल्यास त्या दिवशी गाडी मिळणार नाही आणि नकार हा शिस्तभंग धरला जाईल' असे वाक्य असेल तर तेवढे पुरते. ते वाक्य नसताना त्याला बडतर्फ केलेत तर कामगार न्यायालयात त्याच्या वकिलाला फारसे कष्ट पडणार नाहीत. मी वकील म्हणून त्याच बाजूने अनेकदा उभा राहिलो आहे, म्हणून हे सांगतो आहे.

आणखी एक, जे मालक सहसा विसरतात. ही नोंदवही दुधारी आहे. आकडा आलेला असूनही फेरी अडेल म्हणून गाडी दिलीत आणि पुढे अपघात झाला, तर तीच वही आपल्याविरुद्ध उभी राहते. कलम १८८ मध्ये कलम १८५ च्या गुन्ह्यास चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा सांगितली आहे. विम्याचेही तसेच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५० मध्ये, मद्याच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालवणे हा पॉलिसीच्या अटीचा भंग म्हणून विमा कंपनीला मांडता येतो. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या २०२१ च्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने, श्वासाची वा रक्ताची चाचणी झालेली नसतानाही परिस्थितीवरून चालक अमलाखाली होता हे विमा कंपनी दाखवू शकते, असे धरले. ते प्रकरण गाडीच्या नुकसानीचे होते. पण चाचणीच केली नाही म्हणजे आपण सुटलो, असे समजणाऱ्यांनी तो निकाल वाचावा.

अपघात झालाच तर आपल्या यंत्रावर चालकाला फुंकायला लावून पुरावा तयार करण्याच्या भानगडीत पडू नये. कलम १८५ खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, तसे न झाल्यास त्याला सोडावे लागते. ते काम पोलिसांचे आणि मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांचे आहे. आपले काम जखमींना मदत, पोलिसांना माहिती आणि विमा कंपनीला कळवणे एवढे आहे.

जाता जाता, आपले हैदराबादचे ट्रक बुटीबोरी सोडल्यावर जाम आणि हिंगणघाट असे वर्धा जिल्ह्यातून जातात. तिथे दारूबंदी आहे. केबिनमध्ये सापडलेली बाटली नागपुरात आणि तिथे सारखी मोजली जात नाही, हे चालकांच्या कानावर घालावे.


उत्तर २ : नमुना क्रमांक

मी एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करतो आणि कंपन्यांच्या चाचणी शिबिरांना जातो. वकीलसाहेबांनी यंत्राच्या दाखल्याचा उल्लेख केला आहे. मला तर आपले वर्णन वाचून मूळ आकड्याविषयीच शंका आली.

सॅनिटायझर. त्यात मद्यार्कच असतो. हात ओले असताना यंत्र तोंडाजवळ धरले तर ती वाफ यंत्रात जाते. त्यातच नळी कशाने पुसली जाते हे आपण लिहिलेले नाही. तीही सॅनिटायझरनेच पुसत असतील तर ०.०२२ कोणाचा आकडा आहे, चालकाचा की बाटलीचा, हे देवच जाणे. नळी प्रत्येकाला नवी हवी. ती स्वस्त मिळते, आणि दुसऱ्याच्या तोंडची नळी तोंडात घ्यायला माणूस का कू करतो यात त्याचा गुन्हा नाही.

दुसरे, यंत्र कोणते आहे ते पाहावे. स्वस्त यंत्रांत सेमीकंडक्टर सेन्सर असतो. तो मद्याबरोबर इतर वाफांनाही भुलतो. मधुमेह फार वाढलेल्या माणसाच्या श्वासातील ॲसिटोननेही तो हलू शकतो. फ्युएल सेल सेन्सरचे यंत्र महाग पडते, परंतु ते मद्याच्या बाबतीत बरेच नेमके असते. दोन्हींना ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशन लागते. निर्मात्याने दिलेली मुदत पुस्तिकेत असते आणि वर्ष उलटलेल्या, दाखला नसलेल्या यंत्राच्या आकड्यावर मी तरी कोणाची रोजी कापणार नाही.

तिसरे, तोंडातील मद्य. फुंकताना फुप्फुसातली हवा मोजायची असते, तोंडातली नव्हे. हिंगण्याकडील एका कारखान्याच्या फाटकावर मी स्वतः पाहिलेले सांगतो. पन्नाशीच्या एका चालकाचा आकडा ०.०४८ आला. माणूस थरथरू लागला. विचारल्यावर खिशातून त्याने होमिओपॅथीच्या थेंबांची छोटी बाटली काढली. ते औषध मद्यार्कातच असते आणि त्याने ते पाचच मिनिटांपूर्वी जिभेवर घेतले होते. त्याला पाण्याने चूळ भरायला लावली, बाकावर बसवले, पंधरा मिनिटे तोंडात काही घालू दिले नाही आणि नव्या नळीने पुन्हा फुंकायला लावले. आकडा शून्य. माउथवॉश आणि खोकल्याची काही औषधे हाच प्रकार करतात. आपल्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा आहेच. खर्ऱ्यात मद्य नसते, पण गालात खर्रा धरून कोणी नीट फुंकू शकत नाही, नळी तुंबते आणि सुपरवायझर चिडतो. म्हणून आधी चूळ, मग पंधरा मिनिटांची वाट, मग चाचणी हा क्रम सर्वांना सारखा लावावा. पहिला आकडा आल्यास पंधरा मिनिटांनी दुसरी चाचणी करावी आणि धरायचा तो दुसऱ्या चाचणीचा आकडा.

आता चालकाच्या बाजूने एवढे लिहिल्यावर त्याच्या विरुद्धचा हिशेबही मांडतो. शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे साधारणपणे ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास मद्य उतरवते. माणसागणिक दहा ते वीस असा फरक पडतो. पहाटे पाचला २२ खरे असतील तर रात्री अकराला ते शंभराच्या वर असले पाहिजेत. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत साठ मिलिलिटरच्या दोन पेगांत हे बसत नाही, तीन-साडेतीन तरी हवेत. म्हणजे एक तर यंत्र चुकले किंवा हळदीतले पेग मोजून भरलेले नव्हते. 'झोप झाली म्हणजे उतरली' ही समजूत मात्र खरोखर धोक्याची आहे. रात्री एकला १२० वर असलेला माणूस सकाळी सातला ३० वर असतो, त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही, तो व्यवस्थित बोलतो आणि चहा पिऊन गाडीवर बसतो. पहाटेच्या पाळीच्या चालकांना हा हिशेब एकदा फळ्यावर लिहून दाखवावा.

एककांचाही घोळ होतो. काही यंत्रे रक्तातील टक्केवारी दाखवतात, काही श्वासाच्या लिटरमागे मिलिग्रॅम. रक्तातले ०.०३ टक्के म्हणजे श्वासात लिटरमागे सुमारे ०.१४ मिलिग्रॅम. एका ठिकाणी सुपरवायझर श्वासाचा ०.१० पाहून घाबरला होता आणि दुसरीकडे त्याचा जोडीदार तेवढ्यालाच 'अजून पुष्कळ कमी आहे' म्हणत होता. आपले यंत्र काय दाखवते ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

अमली पदार्थांची चाचणी हे निराळे प्रकरण आहे. लघवीत बुडवायची पट्टी फक्त प्राथमिक चाळणी करते. पट्टीवर रेघ दिसली नाही (या पट्टीत रेघ न दिसणे म्हणजे पॉझिटिव्ह) म्हणून कोणाला गांजेकस ठरवू नये; तोच नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेतील जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या अधिक नेमक्या यंत्राने तपासून घ्यावा लागतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचे अंश काही आठवडेही दिसू शकतात, म्हणून लघवीचा निकाल 'या माणसाने कधीतरी घेतले' एवढेच सांगतो, 'आत्ता नशेत आहे' असे सांगत नाही. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाने अफूच्या गटाची पट्टी पॉझिटिव्ह येते. खसखशीनेही येऊ शकते. सावजी रस्सा ओरपणाऱ्या आणि दिवाळीत अनारसे खाणाऱ्या आपल्या भागात हे ध्यानात असू द्यावे. भांगेचे तर आणखी गमतीचे आहे. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविषयक) कायद्यातील गांजाच्या व्याख्येत झाडाचे बोंड येते, नुसती पाने येत नाहीत, त्यामुळे पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहते. पट्टीला मात्र महाशिवरात्रीची भांग आणि चिलमीतला गांजा यांतला फरक कळत नाही. गाडी चालवायला दोन्ही वाईटच.


उत्तर ३ : रात्रपाळी मिहान

आपल्या मुलाने उतरवलेला मसुदा अमेरिकेचा आहे. मी इथे बसून रात्रपाळीत अमेरिकेतील ट्रक कंपन्यांची याच विषयातील कागदपत्रे सांभाळतो, म्हणून ते शब्द लगेच ओळखले. 'डीओटी' म्हणजे तिथले वाहतूक खाते आणि 'भाग ४०' म्हणजे चाचणी कशी करावी याचे त्यांचे संघीय नियम. ट्रक-बस चालकांसाठीचा 'भाग ३८२' वेगळा आहे. या सगळ्याला १९९१ च्या एका कायद्याचा आधार आहे. वाडीतल्या गाडीला यातले काहीही लागू नाही आणि 'आम्ही डीओटीचे पालन करतो' असे आपण कंपनीला लिहून दिले असेल तर ते वाक्य तातडीने मागे घ्यावे, कारण ते पाळणे आपल्याला शक्यच नाही. त्यांच्या यादीतला पाचवा पदार्थ पीसीपी हे एक अमली द्रव्य आहे. इथल्या ट्रकचालकाने त्याचे नावही ऐकलेले नसते.

नियम लागू नसले तरी त्यामागचा विचार मात्र उसना घेण्यासारखा आहे, आणि आपल्या ०.०२२ ला तो अचूक बसतो. तिथे ०.०४ किंवा अधिक आले तर चालक नियमभंगात सापडतो, व्यसनतज्ज्ञाकडे जाणे आणि परत येताना पुन्हा चाचणी देणे हे सगळे त्याच्यामागे लागते. परंतु ०.०२ ते ०.०३९ यांच्या मध्ये आले तर त्याला चोवीस तास स्टेअरिंगपासून दूर ठेवतात आणि तेवढ्या आकड्यावरून संघीय नियमांखाली दुसरी कोणतीही कारवाई मालकाला करता येत नाही. कंपनीच्या स्वतःच्या नियमांखाली काय करायचे ते तिचे तिने पाहायचे. म्हणजे गाडी न देणे आणि शिक्षा करणे यांची फारकत तिथे नियमातच केलेली आहे. वकीलसाहेबांनी तेच सांगितले.

'एमआरओ' हा तिथला डॉक्टर असतो. प्रयोगशाळेने अमली पदार्थाचा निकाल पॉझिटिव्ह दिला तरी तो थेट मालकाकडे जात नाही. आधी हा डॉक्टर चालकाशी बोलतो, कोणते औषध सुरू आहे ते विचारतो, चिठ्ठी मागतो, आणि मग निकाल कळवतो. नमुना दोन बाटल्यांत विभागून ठेवतात आणि चालकाने ७२ तासांत मागितले तर दुसरी बाटली वेगळ्या प्रयोगशाळेत तपासली जाते. खसखशीचा प्रश्न तिथेही आला होता. १९९८ मध्ये त्यांनी अफूगटाची मर्यादा मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली ती याचसाठी. आपल्याकडे एमआरओ नसला तरी ओळखीच्या एम.बी.बी.एस. डॉक्टरला ही मधली जागा देता येईल. निकालाचा कागद सुपरवायझरच्या टेबलावर उघडा पडता कामा नये, एवढे तरी त्यातून साधेल.

अचानक चाचणीसाठी तिथे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड संगणकाने करतात. चालकांच्या सरासरी संख्येच्या मानाने वर्षाला अमली पदार्थांसाठी ५० टक्के आणि मद्यासाठी १० टक्के असे प्रमाण सध्या आहे. कोणाचे नाव निघेल हे मालकाच्या हाती नसते, म्हणून 'साहेबाचा माझ्यावर डोळा आहे' ही तक्रार उरत नाही.


उत्तर ४ : निवृत्त लोको

मी नागपूर विभागात इंजिन चालवून निवृत्त झालो. रेल्वेत कामावर येताना सही करताना लॉबीत, म्हणजे हजेरीच्या जागी, फुंकावे लागते आणि काम संपवून सही करतानाही. आम्हाला त्याचा राग का आला नाही, याचा विचार केला तर कारण एकच सापडते. गार्ड, सहायक, वीस वर्षांचा अनुभवी लोको पायलट, सगळे एकाच रांगेत फुंकत. आपल्या फाटकावर सुपरवायझर स्वतः फुंकतो का? आपण फुंकता का? बसच्या चाव्या ज्याच्या हाती असतात त्याचा श्वास कोणीच मोजत नसेल तर चालकांना तो अपमानच वाटणार.

ट्रकच्या बाबतीत मला अडचण दिसते ती अशी की बस संध्याकाळी परत येते, रायपूरला गेलेला ट्रक येत नाही. सकाळी वाडीला फुंकलेला आकडा रात्री देवरीच्या धाब्यावर काय कामाचा? तिथे आपले यंत्र पोहोचत नाही. त्या चालकांच्या बाबतीत झोपायची सोय, मुक्कामाची ठरलेली जागा आणि वेळेचा ताण कमी करणे याने जे होईल ते चाचणीने होणार नाही.


उत्तर ५ : एमएच ४० वाला

मी तेवीस वर्षे ट्रक चालवतो. वरील सर्व वाचले, बरेच समजले.

फुंकायला आमची हरकत नाही. हरकत आहे ती फाटकावर, क्लीनर आणि हमालांच्या समोर, नाव पुकारून फुंकायला लावण्याला. ज्याचा आकडा आला त्याची बातमी तो घरी पोहोचण्यापूर्वी त्याच्या वस्तीत पोहोचते. ऑफिसात पडदा लावून एक कोपरा करणे कोणत्याही मालकाला परवडेल. शिवाय यंत्र मद्य मोजते, जागरण मोजत नाही. बुटीबोरीला माल भरायला अकरा तास रांगेत उभा राहिलेला चालक शून्य आकड्यावर निघतो आणि पहाटे तीनला डोळा लागतो. गोळ्या खाऊन जागणारे आहेत, गांजा ओढणारेही आहेत, मी नाकारत नाही. ज्याला सोडायचे आहे त्याने मालकाला आपणहून सांगितले तर त्याची नोकरी राहील, असे धोरणात कुठे लिहिलेले असते का?


उत्तर ६ : कामगार कज्जे

एमएच ४० वाले भाऊ, लिहिता येते आणि लिहावेच. एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली सेवन हाही गुन्हा असला तरी कलम ६४-क मध्ये, जो व्यसनी स्वतःहून शासनमान्य केंद्रात उपचार घेतो त्याला खटल्यापासून संरक्षण दिलेले आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाऊ शकते. कायदा जर एवढी सवड देतो तर मालकाने एक परिच्छेद द्यायला हरकत नसावी. चाचणीचे नाव निघण्यापूर्वी जो सांगेल त्याला उपचारासाठी रजा आणि परतल्यावर आधी गाडीशिवायचे काम, असे त्यात असावे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल फ्री क्रमांक फाटकाऐवजी चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत लावावा. फाटकावर तो कोणी उतरवून घेणार नाही.


प्रश्नकर्त्याचे उत्तर : वाडीचा गाडीमालक

सर्वांचे आभार. सॅनिटायझरचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. काल दुपारी सुपरवायझरला, ज्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, त्याच पद्धतीने हात ओले ठेवून फुंकायला लावले. आकडा ०.०१९ आला. चूळ भरून, हात पुसून, वीस मिनिटांनी पुन्हा फुंकले तर शून्य. तो बराच वेळ काही बोलला नाही. संध्याकाळी आम्ही दोघे त्या चालकाच्या घरी गेलो, दोन हजार रुपये आणि त्या दिवसाची मजुरी दिली. नोंदवहीतील ओळ खोडली नाही, तिच्याखाली 'यंत्र व पद्धत सदोष आढळली, सबब वरील शेरा रद्द' असे लिहून मी सही केली. त्याने खरोखर किती घेतली होती ते आता कळण्याचा मार्ग नाही आणि मी विचारलेही नाही.

फ्युएल सेलचे यंत्र, नळ्यांचे खोके आणि ऑफिसातला कोपरा यांची व्यवस्था या आठवड्यात होईल. अमेरिकेचा मसुदा मागे घेत असल्याचे पत्र कंपनीला दिले आहे. मात्र 'कंपनीचे डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ताचा नमुना' ही अट करारात तशीच आहे. ती आता कशी हाताळावी?


उत्तर ७ : कामगार कज्जे

ती अट आपण मान्य केली आहे, आपल्या चालकांनी नाही. चालकाच्या दंडात सुई टोचायला त्याचीच संमती लागते, ती त्याच्या वतीने आपण करारात देऊ शकत नाही. कंपनीला कलमदुरुस्ती सुचवावी की मद्यासाठी पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन श्वासचाचण्या हाच निकष राहील. अमली पदार्थांसाठी लघवीचा नमुना चालकाच्या लेखी संमतीने घेतला जाईल आणि प्रयोगशाळेच्या पुष्टीनंतरच निकाल ग्राह्य धरला जाईल. कंपनीला 'पाठवण्यास योग्य' किंवा 'आज योग्य नाही' एवढेच कळवले जाईल, आकडा किंवा पदार्थाचे नाव नाही. रक्त हा शब्द पूर्ण काढायला त्यांचा विधी विभाग तयार होत नसेल तर 'चालकाने स्वतः मागणी केल्यास' असे शब्द त्यापुढे घालून घ्यावेत. आकड्यावर ज्याचा विश्वास नसेल त्या चालकालाच कधी कधी रक्ततपासणी हवी असते, त्याची वाट त्याने मोकळी राहते.

मसुदा तयार झाला की इथे टाकावा. चालकांची सही घेण्यापूर्वी तो त्यांच्यापैकी कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा, म्हणजे कोणता शब्द अडतो ते कळेल.